चुकीला सोबत

आमच्या संगीतात चूक नावाची गोष्टच नव्हती. माझा उजवा हात गेला तो त्यामुळे.

हे संगीत म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण ते ऐकलेली महाराष्ट्रातली सगळी माणसं एका टेम्पोत मावतील. मी सॅक्सोफोन वाजवतो, म्हणजे वाजवायचो. ग्रेगरी डाबरे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि त्याच्या पायाशी पेडल, वायरी, लॅपटॉप असा संसार मांडलेला असतो. मंचावर जाताना आमचं काहीही ठरलेलं नसे. राग नाही, ताल नाही, सुरुवात कुणी करायची तेसुद्धा नाही. एकाने आवाज काढायचा, दुसऱ्याने ऐकायचं आणि त्यातून जे उभं राहील ते खरं. माझी बायको राजश्री याला ‘दोघांचं भांडण, ते पण करंटवर’ म्हणते. ती इचलकरंजीची आहे, तोंडदेखलं बोलत नाही.

मीही तिकडचाच. आमच्या घरात तीन पिढ्या बँड पार्टी. माझे वडील, अण्णा, क्लॅरिनेट वाजवायचे आणि त्यांच्या बँडचा एक कायदा होता. वरातीत एखादा चुकला तर त्याच्याकडे डोळे वटारायचे नाहीत. पुढच्या फेरीला सगळ्यांनी त्याच जागी तशीच चूक करायची. “एकटा चुकला तर चूक, सगळे चुकले तर चाल,” अण्णा म्हणायचे. पुण्यात ग्रेगरीची ओळख झाली तेव्हा पहिल्याच चहाला मी त्याला हे सांगितलं. तो कप खाली ठेवून कितीतरी वेळ हसला, आणि मग आमच्या जोडीनं तोच धर्म पाळला. माझ्या सॅक्सोफोनची तोंडातली पट्टी, रीड, चिरकली की तो गिटारवर चिरकायचा. त्याची तार हातून निसटली की मी सूर निसटू द्यायचो. चुकीला एकटं पडू द्यायचं नाही, तिला सोबत द्यायची.

दुसरा कायदा ग्रेगरीचा. वाजवून झालं की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. “पेरलेलं उकरून बघायचं नसतं,” तो म्हणायचा. वसईच्या वाडीत केळीत वाढलेला माणूस, त्याच भाषेत बोलणार. त्यामुळे कार्यक्रम संपला की आम्ही वडापाव खायचो आणि क्रिकेटवर, शेजाऱ्यांवर, पाणीकपातीवर बोलायचो. इतकी वर्षं एकत्र वाजवून एकमेकांच्या वाजवण्याबद्दल आम्ही एक वाक्य बोललो नव्हतो, आणि याचा आम्हाला अभिमान होता.

मग ग्रेगरीने ‘चाहूल’ आणली.

तो दिवसा एका कंपनीत काम करायचा. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेलेल्या लोकांसाठी तिथे यंत्रं बनत. त्याचं शास्त्र त्याने मला टायरच्या गोदामामागच्या आमच्या तालमीच्या खोलीत समजावून सांगितलं. माणूस बोलतो किंवा बोट हलवतो तेव्हा ओठ आणि बोट आधी हलत नाहीत. आधी मेंदूतून हुकूम सुटतो, तो नसांमधून स्नायूपर्यंत पोचतो आणि मग स्नायू आखडतो. या प्रवासाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण यंत्राच्या हिशेबाने तेवढा वेळ म्हणजे ऐसपैस दुपार. कातडीवर तो हुकूम विजेच्या कुजबुजीसारखा उमटतो. गळ्याला एक पट्टा आणि मनगटांना दोन कडी बांधली की ती कुजबुज पकडता येते. लॅपटॉपला काही महिने शिकवलं की कुठल्या कुजबुजीनंतर कुठला आवाज येतो हे त्याला पाठ होतं. मुक्या माणसाने नुसतं बोलायचं मनात आणलं, तरी यंत्र त्याच्या वतीने बोलतं.

“मग मी काय मुका हाय व्हय?” मी विचारलं.

“तू मुका नाहीस. पण तू पुढे काय वाजवणार ते मला आधी कळेल. तुझा सूर बाहेर पडेल तेव्हा माझा त्याच्या शेजारी उभा असेल. विचार कर, निवास. असं कुणी कधी वाजवलंय?”

मी विचार केला नाही. गळ्याला पट्टा बांधून घेतला.

पहिल्याच महिन्यात अंगावर काटा यावा असं वाजायला लागलं. मी फुंकर घालायच्या बेतात असलो की गिटार माझ्यासाठी जागा करून द्यायची. मी एकदम थांबलो तर तीही त्याच क्षणी थांबायची. सभागृहात नुसतं पंख्याचं घरघरणं उरायचं आणि लोक श्वास रोखून बसायचे. पुढे ग्रेगरीने लॅपटॉपला माझ्या सॅक्सोफोनचा आवाज शिकवला. माझ्या आवाजाची एक सावली माझ्याबरोबर वाजायची, कधी खालच्या सप्तकात, कधी अगदी सुराला सूर लावून. मी कानातल्या यंत्रातून सगळं मिसळलेलं ऐकायचो. त्यात माझं कुठलं आणि सावलीचं कुठलं हे कळायचं नाही, आणि ते कळू नये यातच गंमत होती. निदान तेव्हा तसं वाटायचं.

चाहूल आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाजवण्यात एक नवी गोष्ट आली. सूर जरा मागे राहायला लागले. श्वास पोचायचा, बोट नंतर यायचं. मला ते जाणवलं नाही असं म्हणणं खोटं होईल. जाणवलं, पण मला वाटलं की हा माझा नवा विचार आहे. आमच्याकडे असंच असतं, हाताने केलेलं आधी आणि त्याचा विचार मागाहून. ग्रेगरीने नेहमीप्रमाणे त्याला सोबत दिली. गिटारही रेंगाळायला लागली. बर्लिनच्या एका महोत्सवात आम्ही वाजवलं, तेव्हा तिथल्या एका समीक्षकाने लिहिलं की निवास गुरव यांनी काळाला मागून धरून ठेवण्याची कला शोधली आहे. त्याच कार्यक्रमाची आमची ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्यावर कुणी कुणी प्रबंध लिहायला घेतले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी माझी गत. माझ्या बोटांचा उशीर ही माझी शैली झाली आणि मी ती जोपासायला लागलो.

राजश्री एकदा म्हणाली, “अहो, चालताना तुमचा उजवा हात हलत न्हाई. लोंबतोय नुसता.”

“सॅक्सोफोनच्या वजनानं खांदा धरलाय,” मी म्हणालो.

“मग डॉक्टरला दाखवा की.”

“खांद्यासाठी काय डॉक्टर?”

तिने नाद सोडला. कलाकाराच्या बायकोला नाद सोडण्याची सवय लागते, आणि ती आम्हीच लावतो.

चाहूल आल्याच्या चौथ्या वर्षी हिवाळ्यात इचलकरंजीला माझ्या चुलतभावाच्या, धनाजीच्या, मुलीचं लग्न होतं. धनाजी आता आमचा घरचा बँड चालवतो. मुलगी त्याचीच, बँडही त्याचाच, त्यामुळे वरात दणक्यात निघाली. मंडईच्या चौकात धनाजीने एका पोऱ्याच्या गळ्यातला सॅक्सोफोन काढून माझ्यापुढे धरला.

“दादा, घ्या की. काकानं पुतणीच्या वरातीत वाजवायचं न्हाई तर कुठं वाजवायचं?”

मी घेतला. चाल ठरलेली, वरातीत शंभर वेळा वाजलेली, लहानपणी झोपेतसुद्धा वाजवली असती अशी. पट्टा नव्हता, कडी नव्हती, कानात काही नव्हतं. भर दुपारचं ऊन आणि समोर नाचणारी माणसं. मी पहिली ओळ घेतली, आणि उजव्या हाताची दोन बोटं चावीवर आलीच नाहीत. सूर गेला, त्याच्या मागून बोट पोचलं. मी पुन्हा घेतली. पुन्हा तेच. ढोल पुढे आणि मी मागे, एसटी सुटल्यावर पिशवी घेऊन धावणाऱ्या माणसासारखा. नाचणारे थांबले नाहीत, पण त्यांचे पाय चुकले. दोन पोरी एकमेकींकडे बघून हसल्या.

धनाजी जवळ आला आणि कानाशी पुटपुटला, “दादा, घेतलीया का थोडी?”

मी थेंबही घेतलेली नव्हती. सॅक्सोफोन परत दिला आणि मांडवात जाऊन बसलो. जिथे प्रत्येकाला पुढचा सूर ठाऊक होता, तिथे मी उघडा पडलो होतो. उजवा हात मांडीवर होता. मी त्याच्याकडे बघत बसलो, आणि बघता बघता अंगठा आपल्या आपण हलायला लागला. बिडी वळणाऱ्या माणसाचा हलतो तसा.

पुण्यात डॉक्टर मेधा उपळेकरांनी मला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, डोक्याचे फोटो काढले. कंपवात. त्यांनी तो शब्द उच्चारला तेव्हा राजश्रीने माझा दंड धरला. मी विचारलं, आता तर यावर उपचार निघालाय ना? तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो म्हणे.

“निघालाय,” त्या म्हणाल्या. “मेंदूत ज्या पेशी मरतात त्यांच्या जागी नव्या वाढवतो आम्ही. पण नव्या पेशींना आजूबाजूला थोड्या जुन्या जिवंत असाव्या लागतात. विरजण लावतो तसं समजा. दूध असेल तर दही लागतं. तुमचं भांडं कोरडं पडत आलंय. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर मी तुम्हाला हात परत दिला असता. आता वेग कमी करता येईल, एवढंच.”

“दोन वर्षांपूर्वी कळणार कसं?” राजश्रीने विचारलं.

“इतरांना कळत नाही, खरंय. थरथर सुरू होते तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. पण हे तर वादक आहेत. सुताराच्या किंवा वादकाच्या बोटांत पहिल्याच वर्षी फरक पडतो. सूर चुकत असतील. कुणीच काही म्हणालं नाही?”

मी काय सांगणार? कुणीतरी जर्मनीहून टाळ्या वाजवल्या म्हणून?

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. वादकाच्या बोटांत फरक पडतो. माझ्या बोटांचा हुकूम आणि माझी बोटं यांच्यातलं अंतर रोज मोजणारं यंत्र मी स्वतः गळ्यात घालून बसलो होतो. त्याचा पडदा माझ्याकडे नव्हता. तो ग्रेगरीकडे होता.

राजश्रीला घरी सोडून मी तसाच तालमीच्या खोलीवर गेलो. ग्रेगरी डाग द्यायची सळई घेऊन एक वायर जोडत होता.

“मला कंपवात झालाय,” मी म्हणालो.

त्याने सळई खाली ठेवली. त्याचा चेहरा मी बघत होतो. त्याला धक्का बसला नाही. आणि त्याला धक्का बसला नाही, हाच मला बसलेला धक्का.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“नाव ठाऊक नव्हतं.”

“मग काय ठाऊक होतं भावा? सांग की.”

तो स्टुलावर बसला. “घशाचा हुकूम वेळेवर सुटायचा. मनगटाचा मागे पडत चालला होता. आधी वाटलं कडं सैल झालंय. बदललं. मग वाटलं, तू मुद्दाम करतोयस. आपल्यात मुद्दाम काय आणि चूक काय, कधी वेगळं केलं आपण? मग एक दिवस तुझं बोट आलंच नाही. हुकूम सुटला होता, सूर काय हवा होता ते चाहूलला कळलं होतं, पण बोट आलं नाही. तेव्हा मी सावलीला तो सूर भरायला सांगितला.”

“माझ्या आवाजात.”

“तुझ्या आवाजात. तुला हवा होता तोच सूर, तुला हवा होता त्याच क्षणी. एकही मनाचा घातला नाही मी.”

“आणि मला सांगितलं न्हाईस.”

“वाजवण्याबद्दल बोलायचं नाही असं—”

“वाजवण्याबद्दल न्हाई रं. हाताबद्दल. माझ्या हाताबद्दल.”

तो खाली बघून म्हणाला, “बर्लिन ठरलेलं होतं. मला वाटलं तेवढं होऊ दे. मग ध्वनिमुद्रिका आली. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारशील की आधी का नाही सांगितलंस. सांगितलं असतं तर तू थांबला असतास, निवास. आणि तुझ्याशिवाय मी कोण? पायानं बटणं दाबणारा माणूस.”

चूक एकटी पडू द्यायची नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने माझ्या आजाराला इतकी इमानाने सोबत दिली की तो आजार आहे हेच कुणाला कळलं नाही, मलासुद्धा. दुसऱ्या कुठल्याही गाण्यावाजवण्यात पहिल्या रांगेतल्या एखाद्या खडूस म्हाताऱ्याने मान हलवली असती. आमच्यापुढे तसा म्हातारा कधी बसलाच नाही.

“मला ऐकव,” मी म्हणालो. “बर्लिनचं. नुसता मी. सावली काढून टाक.”

“नको.”

“ऐकव म्हणतो ना.”

त्याने ऐकवलं. जी ध्वनिमुद्रिका लोक डोक्यावर घेऊन नाचले, तिच्यात मी जवळजवळ नव्हतोच. श्वासाचा फुसफुसाट, चाव्यांची उशिरा आलेली टकटक, मधेच एखादा अर्धा सूर, मग लांबच लांब काही नाही. आणि या सगळ्याशेजारी ग्रेगरीची गिटार वाजत होती, सुंदर, भरघोस. ती माझ्या त्या अर्ध्या सुरांना उत्तर देतच नव्हती. यंत्राने सांगितलेल्या सुरांना उत्तर देत होती. मंचावर आम्ही समोरासमोर बसायचो, मी त्याच्याशी बोलतोय असं मला वाटायचं, आणि तो दोन वर्षं मला वगळून माझ्याच मनाशी वाजवत होता. मी एकटाच वाजवत बसलो होतो आणि मला ते माहीत नव्हतं.

“पण तुझ्या मनातलं एक अक्षर मी चुकवलं नाही,” ग्रेगरी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “इतकं कुणी कुणाला ऐकलंय का, सांग.”

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मला आयुष्यात इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं. अण्णांनी नाही, राजश्रीने नाही. ज्याने ऐकलं त्यानेच माझा हात जाऊ दिला. मी खुंटीवरचा माझा पट्टा आणि कडी काढून त्याच्या टेबलावर टाकली आणि निघालो.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोळ्या, व्यायाम, डॉक्टर. मी घरी एकटा वाजवून बघायचो. आधी दोन बोटं येत नव्हती, मग तीन. डावा हात धड होता, पण एका हाताने टाळी वाजत नाही तसा सॅक्सोफोनही वाजत नाही. पुढे रीड बांधायचा स्क्रूसुद्धा फिरेना. राजश्रीने तो फिरवून दिला, आणि मी फुंकलं तर घशातून हवा आली आणि एकच भोंगा वाजला, कारखान्याचा वाजतो तसा. त्या दिवशी मी पेटी बंद करून माळ्यावर टाकायला सांगितली.

पण डोक्यातलं वाजणं थांबत नव्हतं. आंघोळ करताना, भाजी निवडताना, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे सूर यायचे आणि जागच्या जागी कुजायचे. मी चिडका झालो. राजश्री जेवायला वाढायची आणि मी ताट ढकलायचो. एकदा तिने तेच ताट परत माझ्यापुढे आणून ठेवलं.

“बोलवा त्याला,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“तुम्हास्नी ठाऊक हाय कुणाला. मला त्याचं तोंड बघायचं न्हाई. पण तुमचं हे तोंड पण बघवत न्हाई. बोलवा.”

मी बोलावलं. मन मारून बोलावलं, कारण जगात दुसऱ्या कुणाकडे माझा आवाज शिल्लक नव्हता.

ग्रेगरी रविवारी सकाळी आला. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. राजश्रीने त्याला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. त्याने हॉलमध्ये लॅपटॉप आणि स्पीकर मांडला. चाहूल आता सुधारली होती. सॅक्सोफोन हातात धरायचीसुद्धा गरज नव्हती. बोटांचा जेवढा पुसट हुकूम मनगटापर्यंत पोचतो तेवढा, आणि घशाचा, एवढ्यावर ती वाजवते. मला पट्ट्याचा चाप लावता येईना. त्याने तो माझ्या मानेमागे लावून दिला. त्याचे हात गार होते.

मी खुर्चीत रिकाम्या हातांनी बसलो, डोळे मिटले, आणि मनात एक सूर धरला. स्पीकरमधून मी वाजलो. अगदी मी, माझी खरखर, माझा श्वास, बोटं धड होती तेव्हाचा. घशात हुंदका आला तर तोही वाजला. मग गिटार आली. आम्ही किती वेळ वाजवलं ते ठाऊक नाही. कुकरच्या शिट्ट्या मधे मधे आल्या आणि आम्ही त्याही घेतल्या. राजश्री दारात येऊन उभी राहिली होती आणि पदराने डोळे पुसत होती. आम्ही याहून चांगलं कधी वाजवलं नसेल. हे मला सांगावं लागतंय याचाही मला राग येतो.

थांबलो तेव्हा ग्रेगरीने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

“निवास,” तो म्हणाला, “मला माफ केलंस का तू?”

उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तो उठून गेला असता तर माझा आवाज पिशवीत घालून घेऊन गेला असता. मी हो म्हणणार होतो. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणणार होतो.

पट्टा गळ्यात चालूच आहे, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द यायच्या आधी स्पीकरमधून एक आवाज आला. खालचा, फाटका, दात विचकून आलेला. असा आवाज मी आजवर कधी वाजवला नव्हता, आणि कुठल्याही मंचावर वाजवला नसता. राजश्री दचकून मागे सरकली. त्याच्या मागोमाग माझा ‘हो’ आला, बारीक आवाजात.

ग्रेगरीने तो आवाज पूर्ण ऐकून घेतला. माझं ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने लॅपटॉप हळूच मिटला, उठून माझ्या मानेमागचा चाप काढला, पट्ट्याची घडी करून आपल्या पिशवीत ठेवली. चप्पल घालताना त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “उद्या येऊ?”

“ये,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो आला. आता तो रोज येतो.